पंख ठेव, उंची सोड

"ताई, नमस्कार. मी एकोणीस वर्षांचा, मुलुंडला राहतो. पाच महिने झाले, दर रविवारी आम्ही पाच जण माझ्या मामेभावाच्या घरी डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळतो, म्हणजे प्रत्येकाने एक काल्पनिक पात्र घेऊन, फासे टाकत गोष्ट पुढे न्यायचा खेळ. पाचवी आवृत्ती, 2014 चं पुस्तक. दादा डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, तो या पाचांत नाही. माझं कॅरेक्टर किर्र, जात आराकोक्रा म्हणजे पक्षीमानव, तिसऱ्या लेव्हलचा रेंजर, म्हणजे रानात वावरणारा योद्धा. एका पाळीत उडण्याचा वेग 50 फूट, 28 हिट पॉइंट (संपले की बेशुद्ध), हातात लाँगबो म्हणजे मोठं धनुष्य. लढाई सुरू झाली की मी 120 फुटांवर जातो आणि तिथून तीर सोडतो. मला अजून कुणी एकदाही खाली पाडलेलं नाही. पण गेल्या तीन रविवारांत दादाने प्रत्येक शत्रूच्या हातात धनुष्य दिलंय. आमची फायटर, म्हणजे पुढे उभी राहून लढणारी, दोनदा बेशुद्ध पडली. ती माझी शाळेपासूनची मैत्रीण आहे आणि आता माझ्याशी धड बोलत नाही. परवा दादा म्हणाला, 'एकतर पंख काप, नाहीतर नवं कॅरेक्टर आण.' मला हवेत लढणारंच कॅरेक्टर हवंय, लहानपणापासून घारी बघत आलोय. माझं चुकलं काय? आणि हवेत लढणारं चांगलं कॅरेक्टर बनवायचं कसं? — घारीचा चाहता, मुलुंड"

प्रिय घारीच्या चाहत्या,

आधी हे सांगते की नियमांत तुझं काहीच चुकलेलं नाही. गॉब्लिन या खुज्या शत्रूच्या शॉर्टबोचा, म्हणजे लहान धनुष्याचा, पल्ला 80 फूट. त्यापलीकडे त्याला दोन फासे टाकून लहान आकडा घ्यावा लागतो. तुझ्या लाँगबोचा पल्ला 150. म्हणजे 120 फुटांवर तुझा नेम साफ आणि त्यांचा आंधळा. लांडग्यांकडे तर काहीच नाही, ते खालून बघत बसतात. हिशेब तू बरोबर मांडलास. फक्त तो एकट्याचा मांडलास आणि टेबलावर पाच जण आहेत.

दादाने सगळ्यांना धनुष्यं दिली त्याचा राग धरू नकोस. त्याच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. पण ते तीर शेवटी लागतात कुणाला ते बघ. तू वर पल्ल्याबाहेर, म्हणून धनुर्धारी नेम धरतात तो खालच्या चौघांवर. ज्या लांडग्याने तुझ्यावर उडी मारली असती तोही फायटरकडेच वळतो. पाच जणांत वाटला जाणारा मार आता चौघांत वाटला जातोय आणि सगळ्यांत पुढे ती उभी आहे. ती दोनदा पडली ते नशिबाने नाही. ती तुझ्या वाटचाही मार खातेय.

मी गिरगावच्या चाळीत वाढले, तिसऱ्या मजल्यावर. आई गॅलरीतून दोरीला पिशवी बांधून खाली सोडायची, भाजीवाला तीत मेथीची जुडी टाकायचा, सुटे पैसे त्याच पिशवीतून यायचे. खाली खेळताना मला लागलं तर वरून आवाज यायचा आणि मिनिटभरात आई जिन्यावर दिसायची. तिसरा मजला उंच असतो, पण घरातच असतो. तुझी 120 फुटांची उंची म्हणजे टॉवरचा बारावा मजला. तिथून पिशवी सोडता येत नाही आणि हाकही पोचत नाही.

या खेळातही पिशवी पोचते ती एका ठरावीक अंतरापर्यंत. ते अंतर म्हणजे 60 फूट. क्लेरिकचा, म्हणजे देवाच्या शक्तीने जादू करणाऱ्याचा, जखम भरणारा हीलिंग वर्ड 60 फुटांपर्यंत चालतो. बार्ड, म्हणजे गाणारा जादूगार, ज्याला हुरूप देतो तो त्याच्यापासून 60 फुटांच्या आत लागतो. पडणाऱ्याला अलगद खाली उतरवणारा फेदर फॉलही 60 फुटांचा. नेम सुधारणाऱ्या ब्लेसला तर 30 फुटांच्या आत यावं लागतं आणि जखम भरणाऱ्या क्युअर वूंड्सला अंगाला हात लागावा लागतो. 120 फुटांवर तू शत्रूच्या पल्ल्याबाहेर गेलास तसाच मित्रांच्या पल्ल्याबाहेरही गेलास. तुला ते जाणवलं नाही, कारण तुला अजून कुणी पाडलंच नाही.

पाडलं तर काय होईल ते आता बघू. उडणाऱ्याला आडवं पाडलं, त्याचा वेग शून्य केला किंवा त्याची हालचालच बंद केली, तर तो कोसळतो. जे जागच्या जागी तरंगू शकतात किंवा जे जादूने वर धरलेले असतात ते सुटतात. पंखांवर उडणारा आराकोक्रा सुटत नाही. पडण्याचा मार दर 10 फुटांना एक सहाचा फासा. 120 फुटांवरून बारा फासे, सरासरी 42. तुझे हिट पॉइंट 28. एखाद्या जादूगाराने होल्ड पर्सन ही जखडून टाकणारी जादू टाकली आणि तुझा विस्डम सेव्ह, म्हणजे त्यातून सुटण्याचा फासा, चुकला, की तीर वगैरे लागतच नाही, नुसती जमीन पुरते. होल्ड पर्सनचा पल्ला 60 फूट आहे, त्यामुळे आज तू त्यातून वाचतोस, हे खरं. पण वेग शून्यावर आणण्याचे मार्ग आणखीही आहेत. अर्थबाइंड 300 फुटांवरून लागतं, उडण्याचा वेग शून्य करतं आणि उडणाऱ्याला दर राउंडला, म्हणजे सगळ्यांची एकेक पाळी होईपर्यंत, 60 फूट खाली आणतं. त्यात उतरताना मार लागत नाही, पण दोन राउंडांत तू जमिनीवर येतोस, तेही मित्रांच्या जवळ असशीलच असं नाही.

आता हाच हिशेब 30 फुटांवर कर. पडलास तर तीन फासे, सरासरी साडेदहा. 28 मधून साडेदहा गेले तरी तू शुद्धीवर असतोस. साधी तलवार वर पोचत नाही. हीलिंग वर्ड पोचतो, फेदर फॉल पोचतो, बरोब्बर डोक्यावर असलास तर ब्लेससुद्धा पोचतो. होल्ड पर्सन इथे लागू शकतं, तो धोका आहेच आणि असावा. तो धोका असला की दादाला प्रत्येक गॉब्लिनला धनुष्य द्यावं लागत नाही. तीस फूट म्हणजे आमच्या चाळीचा तिसरा मजला.

आणखी एक गोष्ट बरेच जण पंखांचं कॅरेक्टर बनवताना विसरतात. या खेळात पंख उंची देतात, वेग देत नाहीत. एक राउंड सहा सेकंदांचा. सहा सेकंदांत 50 फूट म्हणजे ताशी साधारण 9 किलोमीटर. मरीन ड्राइव्हवर सकाळी धावणारे काका तुझ्या किर्रच्या बरोबरीने जातील. खरा बहिरी ससाणा सूर मारताना ताशी 300 किलोमीटरच्या पुढे जातो. त्यामुळे 'मी विजेसारखा येईन, मारीन आणि कुणाला कळायच्या आत निघून जाईन' हे चित्र मनात असेल तर ते पुसून टाक. शत्रूला तू येताना दिसतोस. तो तयार राहू शकतो, ॲक्शन, म्हणजे पाळीतली मुख्य कृती, राखून ठेवू शकतो आणि तू हाताच्या अंतरात आलास की वार करू शकतो.

हे सगळं एवढ्या तळमळीने लिहितेय कारण मी हीच चूक केली होती. माझं कॅरेक्टर औलिन होतं, घुबडासारखं, उडण्याचा वेग 30. मी 90 फुटांवर होते. खाली आमचा पॅलाडिन, म्हणजे धर्मयोद्धा, दोन ओगर राक्षसांमध्ये सापडला आणि पडला. माझी पाळी आली. ॲक्शन खर्चून डॅश केलं, म्हणजे दुप्पट हालचाल केली, तरी एका पाळीत 60 फूटच खाली येता येत होतं. औषधाची बाटली त्याच्या तोंडाला लावायची तर पुढच्या पाळीपर्यंत थांबायला हवं. त्या आधी ओगरची पाळी होती. बेशुद्ध पडलेल्याला जवळून लागलेला वार क्रिटिकल, म्हणजे जबर, धरतात आणि त्याचे एकदम दोन डेथ सेव्ह (जगण्यामरण्याचे फासे, तीन गेले की मृत्यू) फेल होतात. त्याचा एक आधीच गेला होता. माझ्या हातात बाटली होती आणि मी 30 फूट वर लटकलेली. त्या रात्री सेशन संपल्यावर लोअर परळहून घरी जाताना आम्ही दोघं एकाच लोकलमध्ये होतो आणि चर्नी रोडपर्यंत त्याने एक शब्द काढला नाही. तुझी मैत्रीण बोलत नाही असं तू लिहिलंस तेव्हा मला तो डबा आठवला.

आता कॅरेक्टर कसं बनवायचं ते.

माझं स्पष्ट मत आहे की तुझ्या पक्षीमानवाला मंक कर, म्हणजे हातापायांनी लढणारा भिक्षू. रेंजर चांगला आहे, पण रेंजरच्या हातात लाँगबो आला की वरच राहायचा मोह सुटत नाही आणि तुला तो मोह आधीच लागलाय. आराकोक्राला मध्यम किंवा जड चिलखत घालून उडता येत नाही, हे बंधन फायटरला जड जातं. मंकला चिलखत लागतच नाही. त्याचा बचाव म्हणजे 10 अधिक डेक्स्टेरिटीचा (चपळाईचा) बोनस अधिक विस्डमचा (समजेचा) बोनस आणि आराकोक्राला नेमकी याच दोन गुणांत वाढ मिळते, डेक्स्टेरिटी दोनने आणि विस्डम एकने. डेक्स 17 (बोनस 3), विस 15 (बोनस 2), कॉन म्हणजे काटकपणा 14 ठेवलंस तर बचाव 15 येतो. तुझ्या रेंजरला स्टडेड लेदर घालूनही तेवढाच येतो. हिट पॉइंट चारने कमी होतील, 24. ते सोसून घे.

आता 30 फुटांची गंमत बघ. तू 30 फुटांवर आहेस. शत्रूवर हात टाकायला 5 फुटांवर यायला हवं. म्हणजे 25 फूट खाली, घाव, 25 फूट वर. एकूण 50. एक अख्खी झडप तुझ्या वेगात बसते. हालचाल मध्ये तोडून हल्ला करता येतो, त्याला ॲक्शन वेगळी लागत नाही. अडचण फक्त वर जाताना, कारण शत्रूच्या हाताखालून निघालास की तो फुकटचा वार करतो. मंकला यावर दोन उपाय आहेत. दुसऱ्या लेव्हलपासून एक 'की', म्हणजे मंकच्या आतल्या शक्तीचा एक पॉइंट, खर्चून बोनस ॲक्शनने, म्हणजे जोडीच्या छोट्या कृतीने, डिसएंगेज करता येतं, मग तो वार होतच नाही. तिसऱ्या लेव्हलला ओपन हँडची वाट घेतलीस तर आणखी चांगलं. फ्लरी ऑफ ब्लोज, म्हणजे एक 'की' खर्चून मारलेले जादा ठोसे, त्यांतला एक जरी बसला तरी त्या शत्रूला तुझी पुढची पाळी संपेपर्यंत रिॲक्शन, म्हणजे दुसऱ्याच्या पाळीतली कृती, घेता येत नाही आणि त्याला सेव्हही मिळत नाही. म्हणजे तू तर सुटतोसच, शिवाय तुझी मैत्रीण त्याच शत्रूपुढून हलली तर तिच्यावरही फुकटचा वार होत नाही. ती तलवार घेऊन मागे सरकू शकते, क्लेरिकपर्यंत जाऊ शकते, श्वास घेऊ शकते. तू हवेतून येऊन तिच्यासाठी दार उघडलंस. हवेत लढणं म्हणजे मला हे वाटतं.

तिसऱ्या लेव्हलला तीनच 'की' असतात, त्यामुळे प्रत्येक पाळीत झडप घालता येणार नाही. मधल्या पाळ्यांत शॉर्टबो चालव, मंकला तो येतो, पल्ला 80 चा आहे. चौथ्या लेव्हलला स्लो फॉल मिळतो, तो घेतल्यावर उडणाऱ्या मंकला बघायला मजा येते. रिॲक्शन वापरून पडण्याचा मार लेव्हलच्या पाचपट कमी होतो. चौथ्या लेव्हलला 20. साठ फुटांवरून पडलं तर सरासरी मार 21. म्हणजे जवळजवळ उभ्याउभ्या उतरल्यासारखं. पाचव्या लेव्हलला स्टनिंग स्ट्राइक, म्हणजे सुन्न करणारा ठोसा. तुझ्यासमोर दुसरा पंखवाला शत्रू आला आणि त्याला तू हवेत स्टन केलंस, तर त्याची हालचाल थांबते आणि तो पडतो. मघाशी तुला घाबरवण्यासाठी सांगितलेला नियम तुझ्या हातात येतो.

दादाकडे 2022 चं नवं पुस्तक असेल आणि तो तेच वापरत असेल तर आराकोक्राचा उडण्याचा वेग चालण्याइतकाच, 30 फूट. मग झडप 20 फुटांवरून घाल, 15 खाली आणि 15 वर. बाकी सगळं तेच.

मंक नकोच असेल तर माझी दुसरी पसंती भामट्याला, म्हणजे रोग (Rogue) क्लासला. पण त्यासाठी पक्षी बदल, औलिन घे. गव्हाणी घुबड अंगणातून जातं तेव्हा पंखांचा आवाज येत नाही, ते तसंच आहे. लपण्यात तरबेज, अंधारात 120 फूट दिसतं. भामट्याचा मोठा वार, स्नीक अटॅक, केव्हा बसतो? शत्रूच्या 5 फुटांत आपला कुणी उभा असला की. तुझी फायटर ज्याच्याशी भिडलीय त्याच्याच डोक्यावर तू उतरायचं. स्वॉशबकलर झालास तर ज्याच्यावर हात टाकलास त्याचा फुकटचा वार त्या पाळीपुरता टळतो. पण 30 वेगात झडप लहान पडते आणि उंची 20 च्या वर नेता येत नाही, हे ध्यानात ठेव.

बाकीचे मार्ग भराभर सांगते. विझार्डला, म्हणजे जादूगाराला, पाचव्या लेव्हलला फ्लाय मिळतं, 60 फूट वेग, दहा मिनिटं, पण त्यासाठी एकाग्रता लागते. तीर लागला की कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह आणि तो चुकला की जादूही गेली आणि तूही गेलास खाली. निसर्गाची जादू करणाऱ्या ड्रुइडला पक्ष्याचं रूप घ्यायला आठवी लेव्हल लागते, पॅलाडिनला ग्रिफन किंवा पेगॅससवर बसायला तेरावी. एवढं थांबणं तुझ्या वयात होणार नाही. चिलखताची हौस असेल तर पंखवाला टीफलिंग, म्हणजे सैतानी वंशाचा माणूस, बघ, त्याला फक्त जड चिलखताची मनाई आहे.

एक मोह मात्र आत्ताच सांगून ठेवते, कारण प्रत्येक पंखवाला खेळाडू कधी ना कधी तिथे येतो. शत्रूला पकडून वर न्यायचं आणि सोडायचं. करून बघ, पण आकडेमोड करून. पकडलेल्याला नेताना वेग निम्मा होतो, म्हणजे 25. पकडण्यात ॲक्शन गेली, त्या पाळीत 25 फूट वर. पुढच्या पाळीत डॅशसह आणखी 50. तोवर तो तुला मारतोय, सुटायचा प्रयत्न करतोय. दोन पाळ्या घालवून सरासरी पंचवीसेक पॉइंटचा मार. दरीच्या काठावर असाल तर ठीक, एरवी तेवढ्या वेळात दोन झडपा जास्त काम करतात. त्यापेक्षा आपल्या माणसाला उचल. मात्र पोटात बळ असेल तेवढंच. स्ट्रेंग्थ 10 असेल तर 150 पाउंड उचलून नीट हिंडता येतं. लुकडी विझार्ड जमेल, चेनमेल घातलेली फायटर जमणार नाही, नुसती ती चेनमेलच 55 पाउंडांची असते. तिच्यासाठी दोरी ने. पन्नास फुटांची दोरी 10 पाउंडांची, वर नेऊन कड्याला बांध. औषधाची एक बाटली कायम कमरेला ठेव आणि ती स्वतः पिऊ नकोस. शत्रूंच्या रांगेवरून जाऊन पडलेल्यापर्यंत पोचणारा तुझ्या गटात तू एकटाच आहेस. पिशवी सोडणारी गॅलरी तुझी आहे.

आणि अगदी शेवटचा उपाय म्हणून हेही लक्षात ठेव की तुला मुद्दाम पंख मिटता येतात. 30 फुटांवरून पडशील, तीन फासे सोसशील, आडवा पडशील, उठायला निम्मा वेग जाईल, पण त्याच क्षणी तिच्याजवळ असशील. अशा एका पाळीची गोष्ट तुमच्या टेबलावर वर्षभर सांगितली जाईल.

दादाबद्दल थोडं. तो 'पंख काप' म्हणाला ते मला पटलेलं नाही. पण त्याची अडचण खरी आहे. या खेळात उडणं साधारण पाचव्या लेव्हलच्या आसपास हाताला लागतं. फ्लाय तिथेच येतं आणि 2024 च्या पुस्तकात ड्रॅगनबॉर्न या ड्रॅगनवंशीयांचे पंखही पाचव्याच लेव्हलला उघडतात. तुझे पहिल्याच दिवशी उघडे होते. तू स्वतःहून त्याला म्हण, 'पाचव्या लेव्हलपर्यंत मी 30 फुटांच्या वर जाणार नाही.' माझ्या टेबलावर मी याहून कडक आहे. चौथ्या लेव्हलपर्यंत उडा, पण पाळी संपताना पाय जमिनीवर, फांदीवर नाहीतर कौलावर टेकलेला हवा. दादाला तेही सुचव, त्याला आवडेल ते तो निवडेल. त्या बदल्यात धनुर्धाऱ्यांची फौज मागे घ्यायला सांग. पंखांना आळा घालायचे चांगले मार्ग पुस्तकात आहेत. जोराच्या वाऱ्यात उडणाऱ्याला पाळी संपायच्या आत उतरावंच लागतं, नाहीतर तो पडतो, आणि त्याच वाऱ्यात धनुष्याचा नेमही बिघडतो. जुलैत वरळी सी फेसवर कावळ्यांचे हाल बघितले असशील, तसं. वीस फूट छताची गुहा, दाट झाडी, आत शिरल्यावर पंख न उघडणारा जिना. कधी वारा तर कधी मोकळं आकाश, असं आलटून पालटून आलं की पंखांना किंमत येते. आणि एखाद्या रविवारी त्याने मुद्दाम असा कडा ठेवावा जिथे किर्रशिवाय कुणालाच जाता येणार नाही. तुझाही दिवस असला पाहिजे.

टेबलावर उंची दिसली पाहिजे, नाहीतर दर पाळीला 'तू किती वर आहेस?' यावर वाद होतो. मिनीच्या, म्हणजे कॅरेक्टरच्या छोट्या बाहुलीच्या, शेजारी एक सहाचा फासा ठेव, 3 वर असेल तर 30 फूट. तिरकं अंतर काढायला शाळेतला पायथागोरस. 30 फूट वर आणि 40 फूट पुढे असलास तर अंतर 50. ही एक जोडी पाठ असली की नव्वद टक्के वेळा काम भागतं.

आता किर्र कोण आहे ते. तू मला त्याचा वेग कळवलास, हिट पॉइंट कळवलेस, धनुष्य कळवलंस. तो कोण, हे कळवलं नाहीस. 2015 च्या ज्या पुस्तकातून तुझा 50 फुटांचा वेग आलाय, त्यातच लिहिलंय की आराकोक्रा तिसऱ्या वर्षी वयात येतो आणि सहसा तिशीच्या पुढे जगत नाही. विचार कर. तुझी फायटर माणूस असेल तर ती पन्नाशीला पोचेल तेव्हा किर्रला जाऊन कितीतरी वर्षं झालेली असतील. त्याला हे माहीत आहे. बंद जागेत त्याचा जीव घुसमटतो, तरी तो त्यांच्यासोबत गुहेत उतरतो. का उतरतो? याचं उत्तर तुझ्या वहीत एका वाक्यात लिही, मग उंचीचा प्रश्न फाशाविना सुटेल.

तू घारी बघत आलायस, मग नीट आठव. वर घिरट्या घालताना घार पंख जवळजवळ हलवतच नाही. तापलेली हवा वर जाते, तिच्यावर ती नुसती पसरलेली असते आणि दुभंगलेली शेपटी वळवत दिशा धरते. ते लढणं नसतं, शोधणं असतं. तिचं पोट आकाशात भरत नाही. ससून डॉकवर मासळीच्या पाट्यांवर ती येते तेव्हा बघ, खाली येते, पंजा टाकते, थांबत नाही, वर जाते. तू तिच्या दोन कामांतलं पहिलंच उचललंस. आणि म्हणीतली घार आकाशात हिंडत असते तेव्हाही तिचं चित्त पिलापाशी असतं. किर्रचं पिलू कोण ते ठरव. मला वाटतं तुला ते नाव माहीत आहे, तुझ्या पत्रात तू तिचा उल्लेख दोनदा केलायस.

तिच्याशी बोलताना नियम समजावू नकोस. 'मला माहीत नव्हतं की माझ्या वाटचा मार तुला बसतोय' एवढं म्हण आणि तिला विचार की लढाईत तिला तू कुठे हवा आहेस. ती जे सांगेल त्याप्रमाणे किर्रची पहिली पाळी खेळ. गटात विझार्ड असेल तर त्यालाही फेदर फॉल शिकून घ्यायला सांग, पहिल्या लेव्हलचीच जादू आहे. तुझा जीव त्याच्या हातात दिलास तर त्यालाही तुझ्या उडण्यात वाटा मिळेल.

दादाला फोन शनिवारीच कर. रविवारी सगळ्यांसमोर विषय काढलास तर त्याला 'नाही' म्हणणं सोपं जाईल. नवी कॅरेक्टर शीट आधी पाठव, बदल लाल पेनाने दाखव. आणि लाँगबोचं काय करायचं ते मी सांगते. फायटरला लाँगबो चालवता येतो. पहिल्याच सेशनला किर्रने तो तिच्या हातात द्यावा.

— तुझी ताई